श्रियाळाच्या दारातील अतिथी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत शिवभक्त श्रियाळाची कथा दोन वाटांनी पोचली आहे. मराठी घरांत ती श्रीधरस्वामींनी १७१८ साली बारामतीत पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’च्या पारायणातून ऐकली जाते, तर कन्नड शरणांच्या, म्हणजे वीरशैव भक्तांच्या, परंपरेत सिरियाळ या नावाने सांगितली जाते. अतिथीच्या वेषात आलेला शंकर श्रियाळ आणि चांगुणा यांच्याकडे त्यांचा मुलगा चिलया याचे मांस मागतो आणि आईबाप ते रांधतात, एवढ्यावरून अतिथी मागेल ते देणे हाच धर्म होय, असा समज रूढ झाला आहे.

कथा मात्र तेथे थांबत नाही. निपुत्रिकाच्या घरी अन्न घेणार नाही असे सांगून तोच अतिथी मुलाला हाक मारायला लावतो आणि चिलया जिवंत परत येतो. म्हणजे मागणी ही परीक्षा होती, आणि तिची अक्षरशः पूर्तता देवालाही पचवून घेता आलेली नाही. पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू ‘बसवपुराणा’त तर या कृत्याबद्दल शिवालाच जाब विचारला जातो, आणि परंपरेचे हे धाडस पारायणाच्या श्रोत्यांपर्यंत पोचायला हवे.

अतिथिधर्म केवळ यजमानाला बांधतो, हा दुसरा गैरसमज. एक रात्र राहणारा तो अतिथी, अशी मर्यादा मनुस्मृतीतच घातलेली आहे. महाभारताच्या सभापर्वात जरासंधाच्या घरी वेषांतर करून गेलेले कृष्ण, भीम आणि अर्जुन त्याची पूजा स्वीकारत नाहीत, कारण ज्याच्याशी वैर आहे त्याचा सत्कार घेऊन मग त्याच्यावर उठणे त्यांना अमान्य आहे. पांडवांना वारणावतात राहायला घर देऊन ते लाखेचे बांधणारे कौरव याच्या नेमके उलट वागतात. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’ (२०००) या अद्भुतकादंबरीत यजमानाची भाकरी आणि मीठ खाल्लेल्या पाहुण्यांची लग्नाच्या मेजवानीतच कत्तल होते, आणि वाचकाला युद्धातील मृत्यूंपेक्षा ती असह्य वाटते, याचे कारण हेच परस्परबंधन आहे.

दासोह, म्हणजे शरणांनी व्रत म्हणून स्वीकारलेले अन्नदान, श्रीमंताचे औदार्य होय, ही समजूतही चुकीची आहे. कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, १२व्या शतकात बसवण्णांनी त्याला कायकाशी, म्हणजे प्रामाणिक श्रमाशी जोडले; त्यामुळे कष्टाने मिळवलेल्यातला वाटा देणाऱ्याला दातेपणाचा अहंकार ठेवता येत नाही. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर (१७४६–१८२२) याच अर्थाने महादासोही म्हणून ओळखले जातात.