कज्ज्याच्या कागदांतली भावकी

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या मंगल कार्यालयांत लग्नांच्या जोडीनं कुलसंमेलनंही भरतात. परदेशातली मंडळी सुट्टीवर आलेली असतात, म्हणून महिना बहुधा तोच धरतात. दारात नावनोंदणी, छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर नाव आणि नावाखाली घराण्याची शाखा. आत भिंतभर वंशवृक्ष लावलेला असतो आणि त्याच्यासमोरची गर्दी दिवसभर हटत नाही. आपलं नाव सापडलं की माणसं बोट वर नेत पणजोबांपर्यंत जातात, तिथून दुसऱ्या फांदीनं खाली उतरतात आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारतात, "म्हणजे तुम्ही आमचे कोण लागता?"

या प्रश्नातली ओढ खरी आहे. मात्र भिंतीवरचा तो वृक्ष ज्या कागदांवरून काढला जातो, ते कागद अशा ओढीतून लिहिलेले नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या वंशावळी हक्क शाबीत करण्यासाठी लिहिल्या गेल्या, आणि बऱ्याचदा सख्ख्या चुलत्याविरुद्ध. दूरचे नातलग शोधायला निघालेल्यानं हे आधी समजून घ्यावं, कारण त्या कागदांत कोण आहे आणि कोण नाही हे सगळं त्यावरच ठरलेलं आहे.

वतनदारीच्या काळात पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही वतनं वंशपरंपरेनं चालत आणि भावाभावांत वाटली जात. वाटणी आली की तंटा आला. जमिनीइतकाच तो मानाचाही असे. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, टिळा-विडा आधी कोणाला. निकाल लागायचा तो थोरली शाखा कोणती यावर. मग गोतसभा बसे, वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे घराण्याची हकिकत, लिहून देत आणि मूळ पुरुषापासून कोणाला किती मुलगे झाले, कोण गाव सोडून गेला, कोणी दत्तक घेतला, कोण निपुत्रिक वारला याची उजळणी होई. शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होई आणि त्यावर गावच्या साक्षी पडत. साक्षीदाराच्या नावापुढे त्याच्या धंद्याचं चिन्ह काढलेलं असे. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. ज्या घरांनी स्वतःची वंशावळ कधी लिहिली नाही, त्यांचे पूर्वज आज अनेकदा याच ओळींत सापडतात. दुसऱ्याच्या भांडणात साक्षीला उभं राहिल्यामुळे त्यांचं नाव तीनशे वर्षं टिकलं आहे. कुलवृत्तांताच्या, म्हणजे घराण्याच्या इतिहासाच्या, कामाला बसलेल्यांनी महजराचा मजकूर वाचून शेवटच्या साक्षी सोडून देऊ नयेत, असं मला फार वाटतं.

भोर तालुक्यातलं कारी हे जेध्यांचं गाव. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांच्या घराण्यानं आपला करीना आणि शकावली, म्हणजे सालवार नोंदी, जपून ठेवली होती. कारीच्या जेध्यांकडून ती शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा, हे तिच्यात नोंदवलेलं होतं. पुढं किती वर्षं त्यावर वाद झाले! महाराष्ट्र शासनानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती आपल्या डोळ्यांदेखत. एका देशमुख घराण्यानं आपल्या दप्तरात जपलेल्या कागदानं साऱ्या महाराष्ट्राच्या जयंतीची तारीख ठरवली.

इंग्रजी अमलात हीच गरज सरकारी झाली. १८५२च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खनेतल्या इनामदारांना आपली सनद, भोगवटा आणि वंशावळ मांडून हक्क सिद्ध करण्याची वेळ आली. ज्यांना ते जमलं नाही त्यांची इनामं गेली. त्या धास्तीपोटी घरोघरी कैफियती लिहिल्या गेल्या. पुण्यात बंडगार्डन रस्त्यावरच्या पुरालेखागारात, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो, ४० हजारांच्या आसपास रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ भाग काढले, पण ती निवड प्रामुख्यानं राजकीय इतिहासाच्या अंगानं झाली. गावोगावच्या साध्या घराण्यांचे कागद अजून रुमालांतच आहेत, आणि ते मोडी लिपीत आहेत.

तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांकडे लोक जास्त भाबडेपणानं बघतात. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी गेलं की ते आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव. दोन्ही जुळलं की लांबट चोपडी उघडतात आणि आजोबांच्या हातचा मजकूर समोर येतो. कोणाबरोबर आले, कोणत्या कार्यासाठी आले, भावांची नावं, मुलांची नावं, खाली सही. मृत्यूनंतर पन्नास-साठ वर्षांनी वडीलधाऱ्याचं अक्षर बघताना भल्याभल्यांचे डोळे भरून येतात. पण हा लेखही मुळात हक्काचाच. अमुक उपाध्ये आमचे, आमच्या वंशजांनी यांनाच मानावं, असा तो दाखला असे. उपाध्यायांच्या आपापसांतल्या वादात तो पुढं करता येई. कारण काहीही असो, नात्याच्या शोधात या वह्यांइतकं भरवशाचं साधन नाही. यजमान स्वतः लिहितो, आणि बरोबर आलेले भाऊ, चुलतभाऊ, भाचे त्याच्यासमोर उभे असतात.

वंशावळी जपणारे सगळे काही ब्राह्मण नव्हते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून येत. दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवत, नव्या जन्मांची नोंद करून घेत आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जात. त्यांच्याही चोपड्या आहेत. सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या सगळ्या कागदांना एकाएकी भाव आला. कोतवाल बुक, गाव नमुना १४, शाळांची जनरल रजिस्टरं, मोडीतली जुनी पत्रकं. एका पणजोबाची नोंद सापडली की त्याच्या सगळ्या पुरुषवंशाला तिचा उपयोग, म्हणून कित्येक वर्षं एकमेकांच्या दारात न गेलेली भावकी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायला एकत्र बसली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचं काहीही मत असो, मोडी वाचणाऱ्याला एवढी मागणी पेशवाईनंतर क्वचितच आली असेल.

हक्कासाठी वंशावळ लिहिण्याचं तंजावरचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथल्या बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा मराठी इतिहास भिंतीवर कोरलेला आहे. तो १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवून घेतला. सरफोजी दत्तक होते, त्यांच्या दत्तकाला हरकत घेऊन अमरसिंग गादीवर बसला होता आणि सरफोजींना राज्य मिळायला १७९८ उजाडावं लागलं. पाच वर्षांनी त्यांनी आपलं घराणं दगडात लिहून ठेवलं.

छापील कुलवृत्तांत ही विसाव्या शतकातली गोष्ट. सुरुवातीला ते बहुतांश चित्पावन घराण्यांचे निघाले आणि त्यांतले कित्येक पुण्यात छापले गेले. शिकागो विद्यापीठातल्या मॉरीन पॅटरसन यांनी ते जमवले आणि १९६८ साली त्यांवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. कोकणातलं घर सोडून माणूस देशावर कधी आला, कारकून कधी झाला, वकील कधी झाला, हे समाजशास्त्राला एवढ्या बारकाईनं दुसरीकडे कुठं मिळणार? पान उघडलं की घराण्याचं गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मग एकेका पुरुषाला क्रमांक, जन्म, शिक्षण, नोकरी, पत्नीचं माहेर, मुलं. कोरडी नोंद असते, पण ओळीनं वाचत गेलं की पुण्याचा इतिहास दिसू लागतो. १८९७च्या आसपास एकाच घरातले तीन मृत्यू म्हणजे प्लेग. १९१८चे मृत्यू म्हणजे इन्फ्लुएंझा. १९४८नंतर गावचा पत्ता जाऊन पुण्याचा येतो, कारण गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत वाडा गेला आणि वाड्याबरोबर दप्तरही. १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरानं नदीकाठच्या पेठांत काय काय वाहून नेलं, त्याची यादी कोणी केलेली नाही.

ही कामं करणारे बहुधा निवृत्त लोक असतात. पदरचे पैसे घालून ते गावोगाव पत्रं पाठवतात, उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवतात. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, म्हणूनच एक सांगतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत आहे. त्यामुळे दर दुसऱ्या पिढीला तोच रामचंद्र आणि तोच महादेव येतो. कागदात रामचंद्र महादेव सापडला की आपलाच म्हणून जोडून टाकण्याचा मोह होतो. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरून हिशेब केला तर लक्षात येतं की हा आपल्या रामचंद्राचा आजोबा असणार, किंवा दुसऱ्याच शाखेतला. दुवा सापडत नसेल तर जागा मोकळी सोडावी. मोकळी जागा पुढचा कोणीतरी भरेल. अंदाजानं भरलेली जागा छापली गेली की तीच पुरावा होऊन बसते आणि दोन परकी कुटुंबं एकमेकांचं सुतक पाळू लागतात.

यापेक्षा मोठी पोकळी मात्र चुकीमुळे पडलेली नाही. वतनाचा हक्क पुरुषवंशाचा, म्हणून वंशावळही पुरुषवंशाची. लेक सासरी गेली की कागदातून गेली. जुन्या कुलवृत्तांतांत ती बापाच्या नोंदीच्या शेवटी एका ओळीत येते, पुढं तिचा वंश नाही. त्यात लग्नात नाव बदलायची पद्धत. तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की माहेरची गोदावरी सासरच्या कागदात लक्ष्मी होते. तिला शोधायचं तर दोन नावं, दोन आडनावं आणि दोन गावं ठाऊक हवीत. डेक्कन कॉलेजात बसून इरावती कर्वे यांनी भारतभरच्या नातेसंबंधांचा अभ्यास केला, १९५३ साली त्यावरचा ग्रंथ आला. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक जातींत आहे याची त्यांनी नोंद घेतली. म्हणजे दोन घराणी पिढ्यान् पिढ्या बायकांच्या धाग्यानं एकमेकांत विणलेली, आणि वंशवृक्षात त्या धाग्याची खूण नाही. भिंतीवरचा वृक्ष बघून "तुम्ही आमचे कोण?" विचारणाऱ्याला निम्मे नातलग तिथं दिसतच नाहीत.

वारसाच्या हिशेबात न बसणारी शाखा कशी दूर जाते, याचा पुण्यातला सर्वांत ठळक दाखला शनिवारवाड्यातलाच आहे. थोरले बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेर बहादूर पानिपतावर जखमी होऊन १७६१ साली वारला. त्याच्या मुलानं बुंदेलखंडात बांद्याला नबाबी उभारली. १८५७मध्ये त्याच घराण्यातला दुसरा अली बहादूर इंग्रजांविरुद्ध उभा राहिला, बांदा गेलं आणि त्याला इंदूरला ठेवण्यात आलं. श्रीवर्धनच्या भटांचं, म्हणजे पेशव्यांचं, रक्त शंभर वर्षांत पुण्याहून बांद्याला आणि बांद्याहून इंदूरला पोचलं. मस्तानीची कबर मात्र इथंच, शिरूर तालुक्यात पाबळला आहे.

मग बायकांच्या बाजूचे नातलग शोधायचे कुठं? दोन साधनं घरातच असतात आणि त्यांना कोणी कागदपत्र म्हणत नाही. पहिलं महालयाची यादी. पितृपक्षात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजोबाही येतात. पुढं काका, मामा, बहीण, आत्या, मावशी, सासरे. गुरुजींना दरवर्षी नावं सांगायची म्हणून अनेक घरांत ही यादी वहीत उतरवून ठेवलेली असते. करीन्यात जिला जागा नव्हती ती निपुत्रिक आत्या इथं नावानिशी असते. दुसरं साधन आहेराची वही. लग्नात कोणी काय दिलं हे परतफेडीसाठी लिहून ठेवायचं, एवढाच तिचा उद्देश. पण तिच्यात आईच्या मावशीचे दीर असतात, आजीच्या माहेरचे शेजारी असतात, अमुक वाडीचे मामा असतात. वर्ष ठाऊक असतं, लग्न कोणाचं हेही ठाऊक असतं. माळ्यावर अशी वही असेल तर रद्दीत देऊ नका. घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याला किंवा मावशीला शेजारी बसवा, एकेक नाव वाचा आणि ती सांगेल ते त्या नावापुढं लिहून घ्या.

अलीकडच्या कुलवृत्तांतांत लेकींची माहिती वाढते आहे, आणि कायद्यानंही दिशा बदलली आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. तेव्हापासून सातबाऱ्याला हात लावायचा म्हटलं की बहिणी लागतातच. कित्येक घरांत त्यांना हिस्सा मिळत नाही, हक्कसोडपत्रावर सह्या तेवढ्या मिळवल्या जातात. याचं दुःख आहेच. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या त्या दस्तात सगळ्या बहिणी असतात. माहेरचं नाव, सासरचं नाव, वय, पत्ता, फोटो, अंगठा. आधी वारलेली बहीण असेल तर तिची मुलंही. भाऊ-बहिणींचं बोलणं त्या सहीनंतर बंद झालेलं असलं तरी दस्त राहतो. पुढच्या पिढीतल्या कोणाला आपली आत्येभावंडं कुठं आहेत हे विचारावंसं वाटलं, तर पहिला पत्ता त्याला तिथंच मिळेल.