बार्शीची चाचणी कुठे अडली?

१९८७ च्या आधी भारतातल्या खेड्यांत कॅन्सर किती, हे सांगायला कुणाकडे आकडाच नव्हता. मुंबईत कॅन्सरची नोंदणी साठच्या दशकापासून होती. पुढे ‘आयसीएमआर’ने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा बंगळूर आणि मद्रासची त्यात भर पडली. म्हणजे सगळी महानगरं. तिथं मोठी इस्पितळं, पॅथॉलॉजीच्या लॅब, मृत्यूचे दाखले. नोंदणीवाल्याने रजिस्टरं चाळली की आकडे मिळत. खेड्यातला रोगी इस्पितळापर्यंत पोचतच नसे, तर रजिस्टरात येणार कुठून? देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये उभी राहिली, ती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत.

नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या साथीने काम करणाऱ्या डॉ. कस्तुरी जयंत यांनी त्यासाठी बार्शी, भूम आणि परांडा या तीन तालुक्यांतली ३४६ गावं घेतली. बार्शी तालुका सोलापूरचा. भूम आणि परांडा तेव्हाच्या उस्मानाबादचे, आजच्या धाराशिवचे. जिल्हे दोन, पण बाजार आणि सोयरीक एकच. ही हद्द लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा आडवी येणार आहे.

पद्धत साधी, पण चिवट होती. रोगी येईल म्हणून वाट बघायची नाही, आपण गावात जायचं. सरपंच, मास्तर, पोलीस पाटील यांना भेटायचं, चार माणसं जमवून बोलायचं, मग बायकांशी वेगळं बोलायचं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं का? अंगावरून जातंय त्याला वास येतो का? घरातल्या माणसासमोर ज्या प्रश्नांचं उत्तर ‘काही नाही’ असंच यायचं, ते प्रश्न विचारत राहायचे. यातून नोंदी तर मिळाल्याच, पण आणखी एक गोष्ट घडली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५ मध्ये ही निरीक्षणं शोधनिबंध म्हणून छापून आली. यंत्र कुठलंच नव्हतं. गावात माहिती गेली, एवढंच.

यंत्र आलं ते १९९९ च्या ऑक्टोबरात. प्रश्न असा होता: गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तेवढ्या काळात तो आधीच पकडता येतो, मग गरीब देशाने कोणती चाचणी वापरावी? पाश्चात्त्य देशांत पॅप चाचणी चाले. काडीवर पेशी घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, मग तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. दुसरी व्हीआयए. पातळ अॅसिटिक अॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते नर्सने नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. स्वस्त, जागच्या जागी निकाल. तिसरी एचपीव्ही चाचणी, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याचा डीएनए शोधायचा. ती महाग, तिला लॅब लागते.

उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं ५२ गटांत पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका या अभ्यासात घेतल्या गेल्या. काही गटांत पॅप, काहींत व्हीआयए, काहींत एचपीव्ही आणि काहींत नेहमीचीच सरकारी सेवा, म्हणजे चाचणीच नाही. नमुने गावात घ्यायचे आणि बार्शीच्या लॅबमध्ये आणायचे. पैसा गेट्स फाउंडेशनचा, मार्गदर्शन फ्रान्समधल्या लियाँच्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेचं. आपल्याकडच्या बाईला धड असताना दवाखान्यात न्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. ‘मला काय झालंय?’ हा तिचा पहिला प्रश्न. तरीही बोलावलेल्यांपैकी बहुसंख्य आल्या. त्या आधीची बारा वर्षं बार्शीची माणसं याच टापूत फिरत होती. लियाँहून कितीही पैसा आला असता, तरी ही ओळख विकत मिळाली नसती.

निकाल एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. चाचणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. एचपीव्हीच्या गटातल्या ३४,१२६ पैकी ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. महागडी, लॅबवाली चाचणीच खेड्याला जास्त उपयोगी ठरली. कारण बाई एकदाच येते, दर तीन वर्षांनी येत नाही; तेव्हा त्या एका भेटीत जी चाचणी कमी चुकते तीच खरी स्वस्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीच पहिली पसंती म्हणून सांगितली, त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या या बायका आहेत.

या यशाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून पुढे जाता येणार नाही. ज्या गटाला चाचणी दिलीच नाही, त्यातल्या बायकांचं काय? चाचणीने रोग टळू शकतो हे ठाऊक असताना हजारो जणींना नुसतं मोजत राहणं योग्य होतं का, यावर नंतर वैद्यकीय नीतीच्या वर्तुळात कडक टीका झाली. संशोधकांचं उत्तर असं, की त्या गटाला जे मिळालं तेच तेव्हा देशातल्या सगळ्या बायकांना मिळत होतं, म्हणजे काहीच नाही. युक्तिवाद म्हणून हे खरं आहे. पण मग त्या ६४ मृत्यूंतून जे कळलं, ते अमलात आणण्याची जबाबदारी दुप्पट होते.

ती कुणी घेतली? २०१६ मध्ये केंद्राने तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी केंद्रांतून करण्याचा आराखडा काढला, तेव्हा गर्भाशयमुखासाठी निवडली व्हीआयए. ही निवड अगदीच निराधार नव्हती. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत केलेल्या अभ्यासात व्हीआयएने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. फक्त तिथं नीट शिकवलेल्या आरोग्यसेविका होत्या, दर दोन वर्षांनी फेरी होती, वरून सतत देखरेख होती. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एकट्या नर्सबाईवर सोपवलं तर काय होतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कधी गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे का? देशभरात १.९ टक्के ‘हो’ म्हणाल्या.

चाचणी नसली की तिची जागा भीती घेते. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितल्याच्या कहाण्या तेव्हा पुढे आल्या. अशा बाईच्या हातात एचपीव्ही निगेटिव्हचा कागद असता, तर ती निदान ‘नको’ म्हणू शकली असती. सोलापूर तर साखर कारखान्यांचाच जिल्हा; हंगामात त्याच बायका इथल्या फडात असतात.

लसीची गोष्ट याहून विचित्र. सप्टेंबर २००९ मध्ये भारतात अनेक ठिकाणी एचपीव्ही लसीचा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शीही होती. मुलींना तीन डोस द्यायचे की दोन पुरतात, हे बघायचं होतं. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात वेगळाच लस-प्रकल्प चालू होता. तिथल्या काही मुलींच्या मृत्यूंनंतर, आणि संमती नीट घेतली नव्हती हे बाहेर आल्यावर, एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. मृत्यू लसीने झाल्याचं काही सिद्ध झालं नाही, संमतीतला गलथानपणा मात्र खरा होता. बार्शीसकट सगळ्या केंद्रांवर डोस अर्धवट राहिले. प्रकल्प कोसळला म्हणायचा. पण संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. जवळपास पाच हजार जणींना एकच डोस मिळाला होता. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निष्कर्ष आला, तो असा की त्या एका डोसनेही मुख्य दोन विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. बंद पडलेल्या कामातून जगभरात लसीकरण स्वस्त होण्याची वाट खुली झाली, असं उदाहरण मला दुसरं आठवत नाही. आपल्याकडे केंद्राच्या अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या या लसीचा उल्लेख यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं.

सरकारला तंत्रज्ञान जमतच नाही, असं कुणी म्हणेल तर तेही चूक. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. कल्पना आंध्रच्या आरोग्यश्रीवरून घेतलेली. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक पद्मशाली घरांना, सासर-माहेर तिकडेच असल्याने, ती बहुधा आधीच ठाऊक असावी. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलापाशी उभं राहायचं. तो कार्ड, ओळखपत्र, रिपोर्ट स्कॅन करून चढवणार, पलीकडून मंजुरी येणार, कुटुंबाला तेव्हा वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार बिनपैशाचे. ‘योजनेत बसतंय का?’ हा प्रश्न तेव्हापासून इथल्या प्रत्येक दवाखान्याच्या दारात ऐकू येतो. सर्व्हर डाउन असतो, कार्डावरचं नाव आधारशी जुळत नाही, रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसत नाही, हे सगळं आहे. तरीही किमो-रेडिएशनसाठी शेत गहाण टाकण्याची वेळ या संगणकामुळे अनेकांवर आली नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

आता ती हद्द. पुढे पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतलं गेलं, पण फक्त आत्महत्याग्रस्त ठरवलेल्या १४ जिल्ह्यांत. उस्मानाबाद त्यात होतं, सोलापूर नव्हतं. म्हणजे परांड्याचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी सातबारा दाखवून बार्शीत मोफत उपचार घेणार, आणि बार्शी तालुक्यातला त्याचाच व्याही खिशातून पैसे भरणार. ही वर्गवारी २०२४ मध्ये योजना सगळ्यांना खुली झाली तेव्हा संपली.

बाकीच्या संगणकीय उद्योगांवर फार शाई खर्चावी असं नाही. मे २०२१ मध्ये कोविड लसीच्या कोविन पोर्टलवर ओटीपी आणि स्लॉटच्या शर्यतीत शहरातली पोरं खेड्यातल्या केंद्रांवरच्या लशी घेऊन गेली, खेडूत बघत राहिले. महिना संपता संपता सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा आली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक यंत्रणा कंपनीच्या थकबाकीच्या वादात जुलै २०२२ मध्ये बंद पडली आणि रातोरात हातानं लिहिलेले केसपेपर परत आले.

मला खटकतं ते वेगळंच. त्या आरोग्य योजनेच्या यादीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आहे, रेडिएशन आहे, किमो आहे. प्रत्येकाचं पॅकेज, प्रत्येकाचा कोड. तो कॅन्सर होऊ न देणाऱ्या चाचणीला कोड नाही. रोग झाला की संगणक ओळखतो, त्याआधीची बाई त्याला दिसतच नाही. दावा मंजूर होतो तेव्हा रुग्णालयाला पैसे मिळतात आणि सरकारला लाभार्थ्यांचा आकडा. टळलेल्या कॅन्सरचा लाभार्थी कोण, तो कुठल्या रकान्यात भरायचा?

आणि आज अडचण यंत्राची राहिलेली नाही. १९९९ मध्ये बार्शीला जे मोठ्या लॅबशिवाय शक्य नव्हतं, ते आता टेबलावर मावणाऱ्या यंत्रात होतं. गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट यंत्रं क्षयरोगासाठी आणि कोविडच्या काळात सरकारी दवाखान्यांत पोचली. एचपीव्हीची चिप त्याच यंत्रात चालते. नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो आणि तो चालतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलं आहे. म्हणजे टेबलावर पाय वर करून झोपण्याची लाज, जिच्यापायी अनेक जणी येत नाहीत, तीही टळते. आशाताईने पिशवीतून ब्रश न्यायचा, संध्याकाळी परत आणायचा. शंभरातल्या ज्या दहा-बारा जणी पॉझिटिव्ह निघतील, त्यांना पुढच्या तपासणीला नेण्यासाठी गाडी आणि सोबत जाणारं माणूस लागेल. बार्शीच्या जुन्या कार्यकर्त्यांना ते कसं करायचं हे कुणी शिकवायला नको. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हा आराखड्यात चिपसाठी एक ओळ आणि गाडीसाठी एक ओळ घालावी लागेल. सुरुवात करायचीच, तर बार्शीच्या आसपासच्या या टापूपासून करावी, आणि चाचणी न मिळालेल्या गटातली गावं आधी घ्यावीत.