टाचेमागची कंडरा : विश्रांती घेतली, तरी दुखतंच

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचला गर्दी होते. गेल्या महिन्यापर्यंत एक फेरीही न मारलेला मुलगा सोळाशे मीटरसाठी दोन्ही वेळा धावू लागतो, तेही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत. दम लवकर वाढतो, पोटऱ्याही महिनाभरात भरतात. मागे पडते ती टाचेमागची जाड कंडरा. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी दिवाळीनंतर जागे होणारे चाळिशीतले हौशी धावपटूही याच रांगेत.

मागच्या आठवड्यात आपण ताणलेल्या स्नायूंबद्दल बोललो. स्नायूला रक्ताचा पुरवठा भरपूर, त्यामुळे तो लवकर सावरतो. कंडरेत पेशी थोड्या आणि रक्तही बेताचं. 1950-60 च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जादा किरणोत्सारी कार्बन मिसळला होता. तो शरीरात कुठे किती साठला आहे हे डेन्मार्कच्या संशोधकांनी तपासलं. 2013 साली त्यांनी दाखवून दिलं, की या कंडरेचा गाभा उंची वाढायची थांबल्यावर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे चाळिशीतला माणूस धावतो तो विशीच्या आतच तयार झालेल्या कंडरेवर. आणि धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट भार येतो, प्रत्येक पावलाला.

दुखणं ओळखायला सोपं असतं. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं लंगडत पडतात. चालता चालता पाय मोकळा होतो. टाचेच्या हाडापासून दोन-चार बोटं वर कंडरा चिमटीत धरली की कळ येते, कधी तिथे गाठीसारखी जाडीही लागते. धावायला लागल्यावर दुखणं विरतं, आणि इथेच माणूस फसतो. ‘अंग तापलं की थांबतं’ म्हणून तो पूर्ण पल्ला मारतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

मग सुरू होतात वेदनाशामक गोळ्या आणि पंधरा दिवसांची सक्तीची विश्रांती. विश्रांतीत बरं वाटतं, मैदानावर परतलं की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण जुनाट दुखण्यात सूज हा मुख्य दोष नसतोच, कंडरेतल्या तंतूंची घडी विस्कटलेली असते. ती घडी पडून राहिल्याने बसत नाही, उलट कंडरा आणखी दुबळी होते. तिला भार हवा असतो, फक्त मोजून.

हे कळलं तो किस्सा मजेदार आहे. स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ हाकन आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच टाच दुखत होती. वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार होईनात. तेव्हा कंडरा तुटली तर करावीच लागेल, या हट्टाने त्यांनी दुखऱ्या पायावर जोरदार व्यायाम सुरू केला. कंडरा तुटली नाही, दुखणंच गेलं. 1998 साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा आठवड्यांनंतर पंधराही जण पुन्हा धावत होते.

व्यायामाला लागते एक पायरी. चवडे काठावर, टाचा अधांतरी, आधाराला भिंत. दोन्ही पायांवर उंच व्हायचं, मग चांगला पाय उचलून सगळं वजन दुखऱ्या पायावर घ्यायचं आणि टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. असं पंधरा वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून. पुन्हा तेवढंच गुडघा थोडा वाकवून. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला एकशे ऐंशी होतात! कंटाळा येणारच. आठवड्यातून तीनदा, जास्त वजन घेऊन संथ गतीने केलेला व्यायामही तितकाच चालतो, असं पुढे दिसून आलं. नोकरदारांना मी तोच सुचवेन. दुखणं अगदी हाडाला लागून असेल, तर मात्र टाच पायरीच्या खाली न्यायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळपदावर आलं पाहिजे. नाही आलं, तर भार कमी करा. बंद करू नका.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा मोह टाळा. टेनिस एल्बोच्या, म्हणजे कोपराजवळच्या कंडरेच्या दुखण्याच्या, रुग्णांमध्ये सहा आठवडे आराम आणि वर्षभरानंतर मात्र पीछेहाट, असा त्याचा अनुभव आहे. टेनिस एल्बो म्हटलं की सचिनचं कोपर निघतंच. 2004 मध्ये सुरू झालेल्या दुखण्यावर मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि तो परतला ऑक्टोबरमध्ये, नागपूरला श्रीलंकेविरुद्ध, 93 धावा करत. त्यामुळे ‘ऑपरेशन करून लगेच मोकळे होऊ’ हा हिशेब कुणी मांडू नये.

दोन गोष्टी मात्र थांबू देत नाहीत. धावताना मागून कुणी लाथ घातल्यासारखं वाटलं आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुसरी गोष्ट औषधाच्या दुकानातली. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स कंडरेला इजा करू शकतात, साठीनंतर किंवा स्टेरॉइड चालू असताना धोका आणखी वाढतो. जुलाब झाले म्हणून आपल्याकडे ती सर्रास चिठ्ठीशिवाय घेतली जातात. या गोळ्या चालू असताना टाच दुखू लागली तर धावणं थांबवून आधी डॉक्टरांना विचारा.

पुढच्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, म्हणजे उड्या मारणाऱ्यांचं दुखणं.