खोक्यावरचा आकडा आणि चाकाचा नट

घरच्या गाडीसाठी बॅटरीवरची इम्पॅक्ट गन घ्यायचं ठरलं, की आधी गाठ पडते आकड्यांशी. कुठे 350 न्यूटन-मीटर, कुठे 800, कुठे थेट 1500. गंमत म्हणजे सगळ्यांत मोठा आकडा बहुधा सगळ्यांत स्वस्त गनवर छापलेला असतो. आकडा बघून गन घ्यायची आणि मग तिनेच नट आवळून मोकळं व्हायचं, या दोन सवयींतूनच या हत्याराबद्दलचे बहुतेक गैरसमज निघतात.

‘टॉर्क जेवढा जास्त, तेवढी गन चांगली’

आधी गाडीला काय लागतं ते बघू. लहान हॅचबॅकपासून मध्यम एसयूव्हीपर्यंत बहुतेक गाड्यांच्या चाकाचा नट साधारण 85 ते 130 न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत 103 हा आकडा आहे, ह्युंदाईच्या पुष्कळ गाड्यांना 107 ते 127. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेतच मिळेल, आणि ती पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडून असते.

हे आकडे किती मोठे? साठ किलोचा माणूस स्टेपनीसोबत मिळणाऱ्या ‘एल’ पान्याच्या टोकावर, म्हणजे नटापासून सुमारे 30 सेंटिमीटरवर, उभा राहिला तर नटावर साधारण 175 न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. पान्यावर पाय देऊन नट ‘घट्ट’ करणारे लोक कंपनीच्या आकड्याच्या किती पुढे जातात, ते यावरून कळावं.

मग 100 न्यूटन-मीटरच्या नटाला जास्त ताकदीची गन कशाला? तर सोडवण्यासाठी. टायरच्या दुकानात हवेच्या गनने दणकून आवळलेला नट, त्यावर चार पावसाळे, आणि गाडी रत्नागिरी, मालवण किंवा पणजीसारख्या खाऱ्या हवेत उभी. असा नट आवळला होता त्याच्या दुप्पट-अडीचपट जोराशिवाय हलत नाही. पुढच्या चाकाच्या अ‍ॅक्सलचा नट तर मुळातच दोनशेच्या आसपास आवळलेला असतो. हे सगळं धरूनही खऱ्या 300 ते 500 न्यूटन-मीटरच्या गनने घरची जवळजवळ सगळी कामं होतात. हजाराची गन ट्रकवाल्यांनी घ्यावी. घरी ती जड पडते, ब्रेक आणि सस्पेन्शनच्या अडचणीच्या जागी तिचं तोंड पोचत नाही, आणि चुकून आवळायला वापरली तर स्टड तोडते.

खोक्यावरचा आकडा कोणता हेही विचारायला हवं, कारण आकडे दोन असतात. आवळण्याचा टॉर्क एक, आणि जाम नट सोडवताना क्षणभर मिळणारा कमाल टॉर्क दुसरा. मकिताच्या डीटीडब्ल्यू 300 या गनला कंपनी दोन्ही आकडे देते: आवळायला 330, सोडवायला 580. गन तीच. दुसरा विक्रेता फक्त सोडवायचा आकडा छापून ‘माझी गन दीडपट’ म्हणू शकतो. अमेरिकी माहिती वाचत असाल तर तिथला फूट-पाउंड म्हणजे 1.36 न्यूटन-मीटर, एवढं लक्षात ठेवलं की तुलना बरोबर होते. ज्या गनवर एकच गलेलठ्ठ आकडा आहे आणि तो कशाचा हे कुठेच लिहिलेलं नाही, ती मी तरी घेणार नाही.

‘ही म्हणजे जोरदार ड्रिलच’

नाही. ड्रिलची मोटर सतत पिळत राहते आणि तो पीळ तुमच्या मनगटावर उलटा येतो. इम्पॅक्ट गनमध्ये मोटर आतला हातोडा फिरवते. नट अडला की हातोडा स्प्रिंगविरुद्ध मागे सरकतो, सुटतो आणि पुढच्या दांड्यावर फिरत्या दिशेनेच आदळतो. असे घाव मिनिटाला दोन-तीन हजार पडतात. नारळ दाबून फुटत नाही, आपटून फुटतो, तसा गंजलेला नट या घावांनी सुटतो. हाताला कंप जाणवतो, पण हात पिळवटत नाही. याच अडचणीसाठी 1960 च्या दशकात ब्लॅक अँड डेकरने नासाच्या जेमिनी मोहिमेसाठी बॅटरीवरचा एक खास रेंच बनवला होता. अंतराळात बोल्ट फिरवायला गेलं की बोल्टऐवजी अंतराळवीरच फिरू लागतो, तसं होऊ नये म्हणून.

हातोड्याची ही रचना समजली की पुढचे दोन मुद्दे आपोआप सुटतात. एक, घाव मारून आवळलेल्या नटावर किती टॉर्क बसला हे गनला नेमकं कळत नाही. तुम्ही ट्रिगर किती वेळ दाबता, नटाला गंज किती, सॉकेट कसा बसला आहे, या सगळ्यावर ते ठरतं. गनवरची 1-2-3 बटणं वेग आणि घावांची संख्या बदलतात, ती ठरावीक न्यूटन-मीटरची हमी नव्हेत. दोन, मध्ये लांब एक्स्टेन्शन किंवा युनिव्हर्सल जॉइंट घातला की प्रत्येक घावाचा काही भाग त्या जोडाच्या लवचिकतेत मुरतो. म्हणून चाकासाठी लांब सॉकेट थेट गनवर चढवावा.

घरात स्क्रू पिळायचा छोटा इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल तर अ‍ॅडॅप्टर लावून चाकं उघडता येतील असंही काहींना वाटतं. त्याचं तोंड दोन सुताचं, षटकोनी. जाम नटावर अ‍ॅडॅप्टर आधी तुटतो. चाकाच्या कामाला चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा चौकोन हवा.

‘88 व्होल्ट म्हणजे 18 व्होल्टच्या पाचपट दम’

ऑनलाइन बाजारातली ही सगळ्यांत यशस्वी थाप. लिथियम-आयन सेल साधारण 3.6 व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2. पाच सेल एकापुढे एक जोडले की 18 व्होल्ट, आणि चार्जिंग संपल्या-संपल्या 21. म्हणजे ‘18 व्होल्ट’, ‘20 व्होल्ट मॅक्स’ आणि ‘21 व्होल्ट’ ही एकाच बॅटरीची तीन नावं आहेत, आणि त्यात खोटं कुणीच बोलत नाही. पण ‘48’, ‘88’ किंवा ‘128’ लिहिलेल्या, पुढे ‘व्हीएफ’सारखं अक्षर चिकटवलेल्या गनच्या आतही बहुतेकदा हेच पाच सेल निघतात. पडताळणी सोपी आहे. चार्जर उलटा करून आउटपुट वाचा. 21 व्होल्ट लिहिलं असेल तर सेल पाचच. खऱ्या 88 व्होल्टला चोवीसेक सेल लागतील आणि नुसते ते सेलच किलोभराचे होतील.

तीच गोष्ट ‘15000 एमएएच’ची. या गनांत सर्रास वापरला जाणारा 18650 आकाराचा सेल जास्तीत जास्त साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतो आणि वजनाला 45-50 ग्रॅम. पाचांची एकच रांग असलेली बॅटरी साडेतीन हजारांच्या फार पुढे जाऊच शकत नाही. दहा सेलची बॅटरी हातात घेतली की फरक कळतो, आणि तिचा फायदा फक्त जास्त वेळ चालण्यात नाही. दोन रांगा मिळून मोटरला जास्त करंट देतात, त्यामुळे तीच गन मोठ्या बॅटरीवर जाम नट लवकर सोडवते. म्हणून मी 4 किंवा 5 अँपिअर-तासाची बॅटरी सुचवेन. घरात एखाद्या कंपनीचा ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारी नुसती गन घेणं हा सगळ्यांत शहाणा सौदा. ब्रशलेस मोटर जरूर घ्यावी: कार्बन झिजत नाहीत, बॅटरी जास्त पुरते. पण ‘ब्रशलेस’ हा शब्द टॉर्कचा पुरावा नाही.

परदेशातला भाऊ-मेहुणा गन आणणार असेल तर दोन गोष्टी. अमेरिकेतले बहुतेक चार्जर 120 व्होल्टचे असतात, ते आपल्या 230 च्या प्लगमध्ये घातले की गेले. आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या सामानात ठेवाव्या लागतात, त्याही सहसा 100 वॉट-तासांपर्यंतच. 18 व्होल्ट 5 अँपिअर-तासाची बॅटरी 90 ची, म्हणजे बसते.

‘सॉकेट काय, कुठलाही चालतो’

चकचकीत क्रोम सॉकेट हाताच्या रॅचेटसाठी असतो. त्याचं कठीण पोलाद सलग ताण सोसतं, घाव सोसत नाही, आणि तडकला तर तुकडा डोळ्यापर्यंत उडतो. गनला क्रोम-मॉलिब्डेनमचे, जाड भिंतीचे इम्पॅक्ट सॉकेटच हवेत. ते काळे असतात, पण नुसता काळा रंग म्हणजे इम्पॅक्ट सॉकेट नव्हे. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना 19 चा लागतो, ह्युंदाईला 21 चा. अलॉय व्हील असेल तर नटाचा खड्डा अरुंद असतो, तिथे बाहेरून प्लास्टिकचं आवरण असलेला बारीक भिंतीचा सॉकेट घ्या. चोरी टाळायला लावलेल्या लॉक-नटाच्या चावीवर मात्र गन कधीच चालवू नका. चावीचे दाते गेले की मग गॅरेजवाल्याची पायरी चढावीच लागते.

‘सोडवली गनने, तर आवळायचीही गनने’

टायरच्या दुकानात रोज हेच दिसतं, म्हणून ते बरोबर वाटतं. तिथे घाई असते, घरी ती नसते. जादा आवळलेल्या नटाने स्टड ताणला जातो, आटे जातात आणि रस्त्यावर पंक्चर झाल्यावर डिकीतल्या पान्याने नट हलत नाही. नट कमी-जास्त आवळले गेले तर ब्रेक डिस्कवर असमान ताण येतो आणि पुढे ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू शकतं. इंजिन ऑइलचा ड्रेन प्लग आणि स्पार्क प्लग यांच्याजवळ तर गन नेऊच नये. स्पार्क प्लगला वीस-पंचवीस न्यूटन-मीटर पुरतात, आणि समोरचे आटे अल्युमिनियमचे असतात.

नट आधी बोटांनी चार-पाच आटे बसवायचा. गन वापरलीच तर सर्वांत हळू वेगावर, नट नुसता टेकेपर्यंत. मग जॅक खाली घेऊन समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळायचं. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावायची कोकणातली सवय समजण्यासारखी आहे, पण पुस्तिकेतले आकडे सहसा कोरड्या आट्यांसाठी असतात. ओल्या आट्यांवर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. गंज टाळायचाच असेल तर हबच्या मधल्या कड्याला ग्रीसचा पातळ हात द्या, आटे नुसते तारेच्या ब्रशने साफ करा.

गन डिकीत ठेवावी का? मेच्या उन्हात बंद गाडीत तापमान साठ अंशांपुढे जातं, आणि लिथियम बॅटरीला ते मानवत नाही. डिकीत चारतोंडी पाना ठेवा, गन घरात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवताना कानात बोळे आणि डोळ्यांवर गॉगल घाला, कारण आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो आणि वर स्लॅबवरून घुमतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका, स्टँड लावा.

पैसे कमी असतील तर गन एक पायरी खालची घ्या, पण टॉर्क रेंच आणि सॉकेट चांगले घ्या. चार सुताचा, साधारण 40 ते 200 न्यूटन-मीटरचा क्लिक होणारा रेंच चाकांना पुरतो. त्याने नट सोडवायचा नाही. क्लिक झाला की थांबायचं, खात्रीसाठी पुन्हा दाबायचं नाही. काम झालं की आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून पेटीत ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेलीच राहते. आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालली की तोच रेंच एकदा चारही चाकांना पुन्हा लावून बघायचा.