आसवारिष्टे आणि वृद्धांचे मद्यपान

वयोवृद्ध रुग्णाच्या अग्नी, कोष्ठ, निद्रा यांची चौकशी आपण कसोशीने करतो. मद्यपानाचा प्रश्न मात्र वयाचा मान राखून टाळतो. हा संकोच आम्हांस अनाठायी वाटतो. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा 24वा अध्याय मदात्ययासच वाहिलेला आहे. वार्धक्यात शरीरातील जलांश घटतो, त्यामुळे पूर्वीइतकेच मद्य अधिक चढते. त्यात झोपेच्या गोळीची भर पडली, की तोल जाऊन अस्थिभंग होण्यास वेळ लागत नाही.

आपल्या आसवारिष्टांतही संधानजन्य मद्यांश असतो, सामान्यतः 5 ते 10 टक्के. 20 मिलिलिटर दोन वेळा या मात्रेने 450 मिलिलिटरची बाटली अकरा दिवस पुरावयास हवी. अश्वगंधारिष्ट नेणारे आजोबा दर तिसऱ्या दिवशी दुकानात येऊ लागले, तर 8 टक्क्यांच्या हिशेबाने रोज 12 मिलिलिटर मद्यार्क, म्हणजे व्हिस्कीचा जवळजवळ एक छोटा पेग, त्यांच्या पोटात जात असतो. औषधविक्रेत्या बंधूंनी अशा वेळी पुढची बाटली देण्याआधी त्यांना वैद्यांकडे पाठवावे. विक्री बुडेल, बुडो.

दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यास तर चमचाभर अरिष्टही देऊ नये. तेथे अश्वगंधाचूर्ण दुधातून, अथवा दशमुळांचा ताजा काढा योजावा.