बियाण्याचं नाव आता मोबाइलवर ठरतं

जून लागला की जालन्याच्या कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. पूर्वी शेतकरी वाणाचं नाव तोंडाने सांगायचा. आता अनेक जण मोबाइलच पुढे करतात. पडद्यावर बोंडांनी लगडलेल्या कपाशीचा फोटो असतो, खाली चार ओळींचा मजकूर. "हेच पाहिजे."

नाव पूर्वी कसं व्हायचं?

जालना ही बियाण्यांची नगरी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या काळी वाणाचं नाव बांधावर व्हायचं. शेजाऱ्याचं पीक डोळ्यांनी पाहायचं, उतारा विचारायचा, मग पुढच्या हंगामात पिशवी आणायची. नाव व्हायला दोन-तीन हंगाम लागत आणि जायलाही तेवढेच.

आता कोण ठरवतं?

आता व्हॉट्सॲपचा गट आणि यूट्यूबचा व्हिडिओ ठरवतो. फोटो टाकणारा एकच असतो. पण त्या फोटोला वजन येतं ते पुढे पाठवणाऱ्यांमुळे. "आमच्याकडंही असंच झालं" अशा दहा ओळी खाली आल्या की वाचणाऱ्याच्या मनात निकाल लागलेला असतो. मजकूर ओळखीच्या, आपल्याच तालुक्यातल्या माणसाकडून आलेला असतो, म्हणून कंपनीच्या जाहिरातीपेक्षा त्यावर जास्त विश्वास बसतो. ही ताकद मोठी आहे. फसव्या मालाला चाप बसतो तो यामुळेच.

फोटोत काय दिसत नाही?

समजा, सोयाबीनची तासंच्या तासं रिकामी असल्याचा फोटो आला. दोष बियाण्याचा असू शकतो. पण पुरेशी ओल नसताना पेरणी झाली, बी चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं किंवा पेरणीनंतर जोराच्या पावसाने जमिनीवर पापडी धरली, तरी शेत असंच दिसतं. फोटोवर ना पेरणीची तारीख असते, ना लॉट नंबर. मागच्या वर्षीचा फोटोही यंदाचा म्हणून फिरतो. व्हॉट्सॲपवर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण दिसली, तर तो मजकूर किमान पाच हातांतून आलेला आहे, एवढं ओळखावं.

प्रायोजित व्हिडिओ कसा ओळखायचा?

पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस करणाऱ्याने तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023 मधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शेतीच्या वाहिन्याही याला अपवाद नाहीत. सांगितलं नसेल, तर विचारायला लाजू नका.

तक्रार कशी करावी?

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून घरीच उगवण तपासा. सोयाबीनचे किमान सत्तर उगवायला हवेत. पावती, पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. उगवण फसली, तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तालुकास्तरीय समिती शेतावर येऊन पंचनामा करते. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. गटावर टाकलेल्या फोटोने मन हलकं होतं, पण भरपाईसाठी पंचनामाच लागतो.

कंपनीने काय करावं?

फोटो टाकणाऱ्याला वकिलाची नोटीस धाडण्याआधी माणूस शेतावर धाडावा. त्याने काय पाहिलं, लॉटचा उगवण अहवाल काय सांगतो, हे त्याच गटावर मराठीत मांडावं. चूक असेल तर कबूल करून पिशवी बदलून द्यावी. गप्प बसलेल्या कंपनीबद्दल लोक वाईटच धरून चालतात.

आपण काय करावं?

एका खोट्या फोटोने चांगला वाण बदनाम होतो आणि एका खोट्या स्तुतीने शेजाऱ्याचा हंगाम जातो. म्हणून फोटोसोबत गाव, पेरणीची तारीख आणि लॉट नंबर लिहा. आणि पंचनाम्यात जे निघेल, ते बाजूने असो की विरोधात, जिथे तक्रार टाकली त्याच गटावर टाका.