सिद्धवटाच्या वह्या आणि युद्धावर गेलेले भाऊ

उज्जैनला क्षिप्रेच्या काठी भैरवगढ येथे सिद्धवट आहे. तेथे पितरांच्या तर्पणासाठी येणाऱ्या यजमानांच्या वंशावळी तीर्थपुरोहित आपल्या वह्यांत उतरून ठेवतात. उज्जैन १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होती, त्यामुळे मराठी कुळांचा राबताही येथे जुनाच. यजमान आज कोठे राहतो याला महत्त्व नाही. पहिला प्रश्न असतो तो मूळ गावाचा व कुळाचा.

पहिल्या महायुद्धात गेलेल्या भावांचा माग काढणाऱ्यास हेच उत्तर उपयोगी पडते. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडची फौज शरण गेली. तीत मराठा पलटणीचे शिपाईही होते. पुढे १९२९ साली बसऱ्यास स्मारक झाले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच. हा पंक्तिप्रपंच आजही खटकतो! त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आहेत. कित्येकांपुढे बापाचे नाव, गाव व जिल्हा दिलेला आढळतो.

बाप आणि गाव एकच असलेली दोन नावे भावांची असण्याचा संभव बराच. तथापि इंग्रजी कारकुनाच्या कानी पडलेल्या मराठी नावाचे लेखनात काय झाले असेल, याचा भरवसा नाही. अशा वेळी वही कामी येते. तर्पणात निपुत्रिक काकाचेही नाव घेतले जाते, म्हणून मागे राहिलेल्या पुतण्याने सांगितलेल्या वंशावळीत दोघे भाऊ एकाच बापाखाली सापडू शकतात. मृत्यूचे ठिकाण मात्र वहीत सहसा नसते. ते पलटणीच्या कागदांतच शोधावे लागते.